चिमीचा पूर्ण आकडा

४ जानेवारी, सोमवार

काल रात्रभर झोप नाही. चिमीमुळे नाही. ती बिचारी गाढ झोपली होती. पाच महिन्यांचं लेकरू इतकं कसं झोपतं म्हणून मीच दोनदा तिच्या नाकाजवळ बोट धरून पाहिलं. झोप नाही ती ह्यांच्या खेळाच्या वहीमुळे.

माझी वही कसली ते आधी लिहिते. ही चिमीची दुधाची वही. नर्सबाई पंधरा दिवसांनी एकदा, मंगळवारी, वजनाला येते, तिने दिलीय. किती वेळा पाजलं, किती दुपटी ओली झाली, ताप आला का, एवढंच पुढून लिहायचं. हे सगळं मी मागून लिहितेय. ह्यांचा या वहीला हात लागत नाही. म्हणतात, दुपट्यांचा हिशेब तुझ्याकडेच ठेव. माझी शाळा पाचवीपर्यंत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण कुणाला दाखवायचंय?

दर रविवारी दुपारी ह्यांचे तीन मित्र खेळायला येतात. एक कंपाउंडर, एक शाळेतला ड्रिल मास्तर आणि एक लांब्या. तो पोस्टात आहे, आमच्या दारातून वाकूनच आत येतो. पत्ते नाहीत, कॅरम नाही. हे पुठ्ठ्याचा आडोसा लावून मागे बसतात आणि गोष्ट सांगतात, राक्षस, गुहा, पूल तुटला वगैरे. ते तिघं गोष्टीतले योद्धे. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, जमलं की नाही ते फाशांनी. प्रत्येकाचं एक पान असतं. पानावर एक आकडा. त्याला हिट पॉइंट म्हणतात. वार बसला की आकडा खोडून कमी करायचा. शून्य झालं की माणूस खलास. मोठी माणसं आहेत, पण आकडा कमी झाला की तोंडं अशी करतात जणू खरंच भोसकलंय.

काल ते गेल्यावर मी टेबल पुसत होते. ह्यांची जाड वही उघडी राहिली होती. राक्षसांची पानं, नकाशे. आणि शेवटी एक पान, वर लिहिलेलं, आई.

आई. पूर्ण १८. खाली १८ खोडून १६. मग १३. मग ११. बाजूला बारीक अक्षरात, भिंत धरली. जेवली नाही. श्वास. असं करत करत शेवटी शून्य. शून्यासमोर ११ नोव्हेंबर.

सासूबाई ११ नोव्हेंबरला गेल्या. आंघोळीला गेल्या त्या बाथरूममध्येच पडल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थांबलं.

पुढचं पान, ती. पूर्ण २४. खोडत खोडत १९. बाजूला, डोकं. उलटी एकदा. जिन्यात थांबली.

शुक्रवारी मला एकदा उलटी झाली होती. शनिवारी भाजी घेऊन येताना जिन्यात थांबले होते. दोन्ही मीच ह्यांना सांगितलं होतं.

तेवढ्यात ह्यांच्या चपला वाजल्या. मी वही मिटली.

६ जानेवारी, बुधवार

मन लावून विचार केला. आई गेल्याचं दुःख माणूस कुठेतरी उतरवतो. कुणी दारू पितो, हे वहीत लिहितात. असेल तसं.

पण मग माझं पान कशाला?

आज आल्याबरोबर विचारलं, "डोकं कसं आहे? उजवीकडे दुखतं की सगळं?" लग्नाला तीन वर्षं झाली. ताप एकशे तीनला गेला तेव्हासुद्धा ह्यांनी विचारलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की खरं सांगून टाकलं, सगळं दुखतं, कपाळापासून मागपर्यंत, आंघोळ झाली की जास्त. म्हणाले, "हं." आतल्या खोलीत गेले. पेन्सिलीचा आवाज आला.

१० जानेवारी, रविवार

आज खेळात भांडण. चहाचा ट्रे घेऊन मी दारातच उभी राहिले.

कंपाउंडर म्हणाला, "मला एक कळू दे. त्या राक्षसाने मला तीनदा कुऱ्हाड मारली. तीनदा! आणि मी अजून पळतोय, दोरावर चढतोय, गप्पा हाणतोय. आमच्या दवाखान्यात बोट कापलेला माणूस स्वतःचं रक्त बघून आडवा होतो."

"तुझ्या डोक्यात बसली असेल," मास्तर म्हणाला. "तिथे काही नाही, म्हणून कळलं नाही."

"थट्टा नको. पॉइंट म्हणजे रक्तच ना? मग सत्तावीसमधले चोवीस गेल्यावर मी रांगायला पाहिजे."

हे पुठ्ठ्यामागून शांतपणे बोलले. हे कधीच आवाज चढवत नाहीत. "तुला लागलीच नाही. पॉइंट म्हणजे रक्त नव्हे. पॉइंट म्हणजे तू अजून किती वेळा वाचू शकतोस. पहिली कुऱ्हाड चुकवलीस, दम गेला. दुसरी चुकली, नशीब खर्च झालं. तिसरीला हिंमत गेली. अंगावर ओरखडा नाही. आरशात पाहिलंस तर कालच्यासारखाच दिसशील. शेवटचा पॉइंट जातो तेव्हाच खरी लागते. एकदाच."

लांब्या म्हणाला, "म्हणजे एक पॉइंट उरलेला आणि पूर्ण भरलेला, दोघं सारखेच दिसणार?"

"सारखेच. कामही तेवढंच करणार. म्हणून तर आजूबाजूच्यांना कळत नाही."

"हॅट," कंपाउंडर म्हणाला. "माणूस आहे, पाण्याची टाकी नाही. आणि हे तुला कुणी सांगितलं? मोजून पाहिलंयस का कुणाला?"

"मोजता येतं," हे म्हणाले. "रोज मोजलं तर."

सगळे हसले. मास्तर मला म्हणाला, "वहिनी, सांभाळा हो, हा तुम्हालाच मोजायला बसेल!" मीसुद्धा हसले. ट्रे खाली ठेवला. हे हसले नाहीत.

मग लांब्याचा फासा वीस पडला. त्यांचा तो मोठा फासा वीस बाजूंचा असतो. वीस म्हणजे सगळ्यात मोठा वार. तिघं असे ओरडले की चिमी उठायला पाहिजे होती. उठली नाही.

कंपाउंडर कप ठेवायला आत आला तेव्हा मी हळूच विचारलं, "भावजी, शून्य झालं की काय होतं?"

"तिकीट कापलं, वहिनी! पण घाबरू नका, नवीन माणूस बनवायचा, नवीन पान घ्यायचं. तुमच्या नवऱ्याने माझी तीन माणसं मारली. चौथा मी हट्टाने बनवला."

त्याला काय, तो नवीन बनवतो.

१२ जानेवारी, मंगळवार

वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. ह्यांचं फार कौतुक करत होत्या. हे गिझर दुरुस्त करतात, गॅसवरचे. हात साफ आहे, लोक लांबून बोलावतात. काकू म्हणाल्या, "तुझा नवरा परवा मला असा रागावला, जावई रागावणार नाही. म्हणाला, काकू, बाथरूमची खिडकी बंद करून हा गिझर लावाल तर एक दिवस आतच झोपाल, आणि उठणार नाही. धूर नाही, वास नाही, कळणारसुद्धा नाही. स्वतः खिडकीची काच काढून गेला बघ."

मला अभिमान वाटला. लोकांची एवढी काळजी घेणारा माणूस वाईट असेल का?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, काकू नाव काढत होत्या. आणि सहज विचारलं, आपल्या बाथरूमच्या खिडकीत तो थर्माकोल कोंबलाय, तो ठेवला तर चालतो का? म्हणाले, "त्यांचं मशीन जुनं. आपलं मी बसवलंय. चिमीला वारा लागला तर?"

खरंच आहे. थंडी फार आहे. थर्माकोल ह्यांनी ऑक्टोबरमध्येच लावला, तेव्हा सासूबाईंना संधिवात होता म्हणून.

१५ जानेवारी, शुक्रवार

आता खरी गोष्ट लिहिते. कुणी वाचलंच तर समजून घ्या.

सकाळी मी चिमीला घेऊन आंघोळीला जायच्या आधी हे वीस बाजूंचा फासा टाकतात. मला वाटायचं हाताला चाळा आहे. आज नीट पाहिलं. फासा टाकतात, बघतात आणि म्हणतात, "आज सहा मिनिटं." किंवा "आज चौदा. शेक मिळू दे तिला, दार लावून घे." बाहेर खुर्ची टाकून घड्याळ लावून बसतात. वेळ झाली की दार वाजवतात. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. मोठा फासा पडतो त्या दिवशी माझं डोकं फुटायला होतं आणि चिमी बाहेर आल्यावर मान टाकून झोपते. लहान पडला की बरं असतं.

म्हणजे सगळं त्या फाशात आहे. फाशात आणि पानात.

करणीबिरणी मी मानत नाही. आमच्या घरी कुणी मानत नव्हतं. पण लिहिल्यासारखं होतंय, हे मी डोळ्यांनी बघतेय.

हे कामाला गेल्यावर वही काढली. कपाटात गिझरच्या पाइपांच्या मागे ठेवतात. माझे १४. आणि त्यापुढचं पान त्या दिवशी मी उलटलंच नव्हतं.

चिमी. पूर्ण ६. खोडून ५. खोडून ४.

बाजूला लिहिलंय, रडत नाही.

मी खाली बसले ते बसलेच. दूध उतू गेलं, वास आला तेव्हा उठले.

सगळी पानं पुन्हा एकेक करून पाहिली. सासूबाई, मी, चिमी. बाकी राक्षस. दादाचं नाही. दादा म्हणजे माझा भाऊ, मालाची गाडी चालवतो. गेल्या वर्षी आला होता तेव्हा ह्यांनी त्यालाही खेळायला बसवलं, पान दिलं. दादाने पान उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाला, "ही काय माझी पत्रिका आहे? भावजी, माझं किती उरलंय ते मी तुमच्या हातात देणार नाही." फाडलं आणि कपातल्या उरलेल्या चहात बुडवलं. केवढं वाजलं त्यावरून! हे म्हणाले, तुझ्या भावाला खेळाची शिस्त नाही. तेव्हापासून दादा येत नाही. मला तेव्हा दादाचाच राग आला होता.

१६ जानेवारी, शनिवार

फासा लपवला. पिठाच्या डब्यात, खाली. सकाळी ह्यांनी शोधलासुद्धा नाही. खिशातून दुसरा काढला. अकरा.

१९ जानेवारी, मंगळवार

नर्सबाईचा दिवस. हे मुद्दाम उशिरा कामाला गेले. नर्सबाई जाड चष्म्याची, घाईत असते, पण हात मायेचे. चिमीला ताणकाट्याच्या झोळीत टाकली. म्हणाली, "वजन वाढलं नाही गं. उलट थोडं उतरलंय. आणि ही अशी आळसावल्यासारखी का? फार झोपते का?"

मी तोंड उघडलं. हे म्हणाले, "आईवर गेलीय. दोघी झोपाळू."

नर्सबाई हसली नाही. माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "तुझं खाणंपिणं ठीक?" म्हटलं ठीक. ती म्हणाली, "पुढच्या वेळी वही नीट वाचणार मी, आज घाई आहे. दोन तारखेला अकराला येते. सकाळपासूनच वही पिशवीत घालून दाराच्या कडीला बाहेर लटकवून ठेव. घरी नसलीस तरी मी वाचून सही करते, माहीत आहे ना?"

ही तिची पद्धतच आहे, सगळ्या घरांतून. तिच्या दिवशी दारोदार पिशव्या लटकतात.

२२ जानेवारी, शुक्रवार

आज धाडस केलं. इतके दिवस सुचलं कसं नाही!

आकडे पेन्सिलीने आहेत. हे कामाला गेल्यावर खोडरबर घेतलं. चिमीचे ३ राहिले होते. खोडून २० केले. मग स्वतःचे १२ होते, ते ५० केले. म्हटलं, एकदाच करायचं तर भरपूर करावं. अक्षर ह्यांच्यासारखं काढायचा प्रयत्न केला. वीसमधलं शून्य तर अगदी त्यांच्यासारखं जमलं. वही पाइपांमागे जशी होती तशी ठेवली.

चिमीला मांडीवर घेऊन म्हटलं, आता तुझे वीस झाले गं बाई. हसली माझ्याकडे बघून. खूप दिवसांनी हसली. बघा, म्हणजे खरंच आहे.

आज डोकंसुद्धा कमी दुखतंय. फासा दोन पडला होता, पण मी म्हणते पन्नासामुळे.

२४ जानेवारी, रविवार

कळलं त्यांना.

खेळ सुरू होता. कंपाउंडरच्या माणसाने औषधाची बाटली प्यायली, त्याला दहा मिळाले. तो आनंदाने पानावर लिहायला लागला. हे म्हणाले, "थांब. तुझा पूर्ण आकडा किती?"

"सत्तावीस."

"आता किती आहेत?"

"बावीस. अधिक दहा, बत्तीस."

"बत्तीस नाही. सत्तावीस. औषध कितीही पी, पूर्ण आकड्याच्या वर कुणी जात नाही. जन्माला येताना जेवढं आणलं तेवढंच भरतं. हा पहिला नियम आहे. मुलांनासुद्धा माहीत असतो." मग पुठ्ठ्यावरून वर पाहिलं, थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे. "या घरात कुणीतरी पूर्ण आकडा सहा असणाऱ्याचे वीस करून ठेवलेत."

"मी नाही बाबा!" कंपाउंडर ओरडला. "मी पाच वाढवले ते तुझ्या समोर!"

मास्तर म्हणाला, "लांब्या असेल. त्याला बेरीज येत नाही, म्हणून तर पोस्टात घेतला."

सगळे हसले. मी चिमीला घट्ट धरून ओट्याला टेकून उभी होते.

ते गेल्यावर मला वाटलं आता मार. पण नाही. मला समोर बसवलं, वही उघडली, आणि शाळेतल्या मुलीला समजवावं तसं समजावलं. हे बघ, इथे कोपऱ्यात लिहिलंय पूर्ण. त्याच्या वर जाता येत नाही. तुला माहीत नव्हतं, ठीक आहे. रबराने खोडलं, पुन्हा बारा. चिमीचे पुन्हा तीन. मग म्हणाले, "नियम मोडला की दंड असतो. तुझे तीन गेले. चिमीचे नाही कापत, चूक तिची नव्हती. मी अन्याय करत नाही, कळतंय ना?"

मी म्हटलं, "कळतंय." आणि मग तोंडातून निघून गेलं, "पण का? का मोजता?"

म्हणाले, "सगळे वाद घालतात पॉइंट म्हणजे काय. कुणी बघत नाही. आईच्या वेळी मी उशिरा लिहायला लागलो, आकडे नीट घेता आले नाहीत."

बोलताना डोळ्यांत पाणी होतं. मला क्षणभर कीव आली. आईची फार आठवण येते त्यांना.

२५ जानेवारी, सोमवार

माझा फोन दुरुस्तीला नेला. मी म्हटलं बिघडला कुठाय? म्हणाले, बिघडेल. जाताना बाहेरून कुलूप. चोऱ्या वाढल्यात म्हणे. काकू मुलीच्या बाळंतपणाला गेल्यात, महिनाभर वरती कुणी नाही. दार वाजवून उपयोग नाही.

दादाचा नंबर तोंडपाठ आहे. लहानपणी त्याने पाढे पाठ करून घेतले तसा घोकून घेतला होता. म्हणायचा, "पाढे विसरलीस तरी चालेल, हा विसरलीस तर चापट."

२८ जानेवारी, गुरुवार

फासा सतरा. आंघोळ करता करता एका भिंतीच्या दोन दिसायला लागल्या. चिमी हातातून निसटत होती, तिला छातीशी धरून खाली बसले. थर्माकोलच्या कडेने उजेडाची एक बारीक रेघ येते, तिच्याकडे बघत बसले. तिथे नाक लावून बसावंसं वाटत होतं, का कोण जाणे. दार वाजलं तेव्हा उठता येईना. ह्यांनी उचलून आणलं, पलंगावर टाकलं, पांघरूण घातलं. पाणी पाजलं. मग पेन्सिल.

संध्याकाळी त्या रेघेवर चिकटपट्टी लावली.

मी आरशात पाहिलं. ते म्हणाले होते तसंच. काही दिसत नाही. केस विंचरले की मी पहिल्यासारखीच. झाडू मारते, भांडी घासते, पोळ्या गोल होतात. कुणी आलं तर म्हणेल, किती छान दिसतेस.

३१ जानेवारी, रविवार

आज खेळ नाही. कंपाउंडर आला होता, त्याला निरोप पोचला नव्हता. दारातच उभं केलं. तो म्हणाला, "अरे, राक्षस अर्धा मेलाय आणि तू सुट्टी देतोस?"

"घरचं एक प्रकरण संपवायचंय," हे म्हणाले.

कंपाउंडरने आत डोकावून मला हाक मारली, "काय वहिनी, घरात तुम्हालाच राक्षस केलं की काय?" मी म्हणणार होते, भावजी, आत या. खरंच म्हणणार होते. जीभ जड झाली होती. हसले फक्त. तो हात हलवून गेला. मला हसताना पाहून गेला.

हे आंघोळीला गेले तेव्हा वही पाहिली. ह्यांच्या आंघोळीला थर्माकोल काढून खाली ठेवतात, चिकटपट्टीसकट. ह्यांना उकडतं. माझे ४. चिमीचा १.

एकच. तरी दुपारी दूध प्यायली. माझं बोट धरलं. लांब्याने विचारलं होतं तेच खरं, एक उरलेला आणि पूर्ण भरलेला सारखाच दिसतो.

पान फाडायला हात पुढे केला होता. दादाने फाडलं तसं. पण दादाने आकडा लिहायच्या आधी फाडलं. लिहिल्यावर फाडलं तर काय होतं, मला नियम माहीत नाही. मागच्या वेळी नियम माहीत नसताना हात लावला आणि तीन गेले. माझे जाऊ देत. चिमीकडे तीन नाहीत. ठेवून दिली वही.

२ फेब्रुवारी, मंगळवार

पुढून दूध लिहून झालं. पहाटे एकदा, साडेसातला एकदा. दुपटी तीन. ताप नाही.

ह्यांनी आज रजा घेतलीय. नवीन पेन्सिल टोकदार करून खुर्चीजवळ ठेवलीय. आत्ता साडेनऊ. फासा टाकून झाला.

वीस.

मी म्हटलं, चिमीला सर्दी आहे, आज राहू द्या. म्हणाले, "पडलेला फासा परत टाकत नाहीत." म्हटलं, मग मी एकटी जाते, ती झोपलीय. म्हणाले, "दोघी. दोघींच्या नावाने टाकलाय." पाणी तापत ठेवलंय. गिझरचा आवाज येतोय. मी म्हटलं, नर्सबाईची वही भरायची राहिलीय, तिचा दिवस आहे, वही दिसली नाही तर ती दार वाजवत बसेल. तेव्हा म्हणाले, "भर लवकर. दे, मी लटकवतो."

ते दारात उभे आहेत. मी मान खाली घालून लिहितेय. त्यांना वाटतंय दुपटी मोजतेय.

पुढच्या पानावर खाली लिहिलंय, मागून वाचा. नर्सबाई, तुम्ही म्हणाला होतात या वेळी नीट वाचणार. तुम्ही अकराला येता. जमलं तर लवकर या. घरात हाक मारा, आणि मी आतून ओ दिली नाही तर मी झोपाळू आहे म्हणून परत जाऊ नका. ते म्हणाले तरी जाऊ नका.

ह्यांची वही निळी आहे, जाड, कपाटात गिझरच्या पाइपांच्या मागे. शेवटून दोन पानं. तुम्ही त्यांना हात लावू नका, तुम्हाला नियम माहीत नाहीत. माझ्यासारखी चूक होईल.

दादाला लावू दे. दादाचं पान त्यात नाही. त्याचं किती उरलंय ते ह्यांना माहीत नाही, म्हणून ह्यांना त्याचं काही करता येणार नाही. त्याला सांगा, तू फाडलंस ते बरोबर केलंस, मी उगाच रागावले होते. सांगा, चिमीचा एक अजून आहे.

बोलावतायत. वही पिशवीत घालून त्यांच्याच हातात देते.

नंबर मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलाय. जो कुणी हे वाचेल त्याने आधी सही करू नये, वजन करू नये, खुर्चीवर बसलेल्या माणसाला काही विचारू नये. दादाला फोन करावा.